दुसऱ्या अर्जाचं वर्ष

मेडिकलचा पहिला नकार आला तेव्हा घरात कुणी रडलं नाही. आईने गॅस बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. बाबा सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत अकाउंट्स बघायचे. संध्याकाळी आले ते बूट काढता काढताच माझ्या चेहऱ्यावरून समजून गेले.

"लाइफ सायन्सेसची सीट हातात आहे ना? ती घेऊन टाक," ते म्हणाले.

"मी पुढच्या वर्षी परत अर्ज करीन, बाबा."

"मार्क तर तेच राहणार. मग पुढच्या वर्षी वेगळं काय होणार?"

प्रश्न टोचला, आणि त्याला उत्तर हवं होतं. ते शोधायला मी माझ्या ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजीच्या बाईंकडे गेले. त्यांनी मला मुलाखतीतलं उत्तर पुन्हा म्हणायला लावलं: डॉक्टर का व्हायचंय? मी म्हटलं. पाठच होतं.

बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तू आहेस, तुझं स्वप्न आहे, आईवडिलांचे कष्ट आहेत. पण आजारी माणूस कुठे आहे यात?"

मी उत्तर मनात परत म्हणून पाहिलं. तो कुठेच नव्हता.

"एक काम धर. दहा ठिकाणी जाऊ नकोस. एकाच ठिकाणी जा आणि कंटाळा आला तरी जात राहा."

सीट सोडली. बाबा काही दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. मी बुकित पंजांगमध्येच, आमच्या घरापासून एलआरटी ट्रेनने दोन-तीन स्टेशनांवर, म्हाताऱ्या माणसांच्या एका डे केअर सेंटरमध्ये मदतनीस म्हणून लागले. चहा द्यायचा, टॉयलेटला न्यायचं, व्यायामाच्या वेळी शेजारी उभं राहायचं.

तिथे एक चिनी आजोबा होते. स्ट्रोकने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणंही बहुतेक गेलं होतं. होक्कियन या त्यांच्या चिनी बोलीतले काही शब्द उरले होते, थोडे मलयमधले. होक्कियन मला येत नव्हती. मलय शेजारच्या मावशींमुळे थोडी कळायची. आमचं काय ते बोलणं त्यातच.

एकदा फिजिओथेरपिस्टने त्यांना विचारलं, "अंकल, तुम्हाला काय करता यायला हवंय?" आजोबा काठी टेकत भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि त्यांनी पुलाउ उबीनवर बोट ठेवलं. त्या बेटावरच्या एका कांपोंगात, म्हणजे खेड्यात, त्यांचा जन्म झाला होता. त्यांना घ्यायला आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "पा, तिथे आता आपलं कोण आहे?" त्यांनी बोट काढलं नाही.

फिजिओथेरपिस्टने ते मनावर घेतलं. उबीनला जायचं म्हणजे धक्क्यावरून बमबोटीत, म्हणजे छोट्या मोटरबोटीत, पाय टाकता यायला हवा, आणि बोट तर हलत असते. तिने बुटकं लाकडी फळकूट आणलं, खाली मऊ गादी घातली, म्हणजे ते जरा डुलायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. रोज माझा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर आणि तोंडात "सातू लागी", म्हणजे आणखी एकदा. पहिले काही आठवडे ते फळकुटाकडे बघून नुसतेच चिडायचे. एकदा चिडून त्यांनी माझा हात झटकला आणि स्वतःच तोल जाऊन माझ्याच अंगावर कलले. आम्ही दोघं हसलो. त्यानंतर ते चढायला लागले.

काही महिन्यांनी एका सकाळी आम्ही चांगीच्या धक्क्यावर गेलो. आजोबा, त्यांची मुलगी, फिजिओथेरपिस्ट आणि मी. रांगेतल्या सायकलवाल्या पोरांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. बोटवाल्याने हात पुढे केला. आजोबांनी पाय उचलला, अगदी शिकवला होता तसा. क्षणभर तो पाण्यावर अधांतरी राहिला. मग त्यांनी तो परत धक्क्यावर ठेवला.

"बालिक," ते म्हणाले. परत जाऊ.

मुलीचे डोळे भरून आले. "पा, इतकं केलंत, आता एवढ्यासाठी मागे फिरायचं?"

माझ्या ओठांवर "सातू लागी" आलंच होतं. ते मी प्रश्नासारखं विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मग बाकावर बसले, आम्हालाही बसवलं. बोटी भरत होत्या, सुटत होत्या. पलीकडे बेट दिसत होतं. बराच वेळ ते तिकडे बघत राहिले आणि मग त्यांनी धक्क्याजवळच्या हॉकर सेंटरकडे, तिथल्या खाण्याच्या स्टॉलांकडे, बोट दाखवलं. पोटभर जेवले. परतताना गाडीत गाढ झोपले.

मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला आलेली मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काल मी उगाच रडले. घरी बाथरूमची पायरी आता ते एकटे चढतात. आधी आईला हाक मारावी लागायची. त्यांना त्याची फार लाज वाटायची."

पुढच्या मुलाखतीत वर्षभर काय केलं असं विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं.

"ते बोटीत का चढले नाहीत?" एका परीक्षकाने विचारलं.

"मला माहीत नाही. मी खूप तर्क केले. त्यांना सांगता येत नव्हतं आणि त्यांच्या भाषेत विचारणं मला जमत नव्हतं."

"मग तुम्ही तिथे कमी पडलात असं नाही वाटत?"

"भाषेत कमी पडले. पण नको म्हणणारा माणूस बोटीत ढकलायचा नव्हता."

बाहेर आले तेव्हा बरं झालं की वाईट, काहीच कळत नव्हतं. यावेळी सीट मिळाली. आई तेव्हा रडली. बाबांनी पुण्याला फोन लावला आणि काकांना सांगताना दोनदा अडखळले.

त्या उत्तरामुळे सीट मिळाली की आणखी कशामुळे, मला कुणी सांगितलं नाही. आता मंडळाच्या गणपतीत मराठी आईबाप मला गाठतात. अर्ज भक्कम करायला कुठलं व्हॉलंटियरिंग चांगलं, किती ठिकाणी करावं, असं विचारतात. एकाच ठिकाणी जाऊ दे, असं मी म्हणते. ते जरा हिरमुसतात. त्यांना यादी हवी असते.

मागच्या वेळी एक मुलगी आईबाबा पुढे गेल्यावर मागे रेंगाळली. "पण तिथल्या माणसाला मी आवडलेच नाही तर, देन हाउ?"

"होतं असं," मी म्हटलं. "तरी दुसऱ्या दिवशी जायचं."

"सो हार्ड लाह," असं इथल्या इंग्रजीत म्हणून ती प्रसाद घ्यायला गेली.