तिसऱ्या खोलीतलं कासव

गोव्यात मांद्र्याला ताईच्या घरामागे, समुद्राच्या अंगाला, माडांखाली वाळूची एक पट्टी आहे. त्या पट्टीवर पर्यटकांना भाड्याने द्यायला तीन खोल्या बांधायच्या होत्या आणि नकाशा मी काढला होता. दुसऱ्यांची घरं कागदावर उभी करून पोट भरणारा मी माणूस, पण या तीन खोल्यांइतका जीव कुठल्याच कागदात ओतला नाही. कारण भावोजी बोटीवर. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त त्यांनी पाण्यावर काढली. खोल्या झाल्या की बोट सोडायची आणि कायमचं घरी यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ताई हे कोणाला सांगत नसे, पण ‘हे घरी आले की’ एवढं मात्र तिच्या बोलण्यात दिवसातून दहादा यायचं.

परवानगीचे कागद वर गेले होते, उत्तर यायचं होतं. पण भावोजींची रजा डिसेंबरात संपत होती, म्हणून ते असतानाच गाऱ्हाणं घालून घ्यायचं ठरलं. आमच्याकडे जमिनीला कुदळ लावण्याआधी तिथल्या राखणदाराच्या कानावर घालावं लागतं. मी चुन्याची फक्की मारून खोल्या आखल्या. गावातले म्हातारे मानकरी आले, त्यांनी नारळ ठेवला आणि हात जोडून सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! हेंनी जां काम हाती घेतलां हा, तां तडीक ने. आणि आमच्या आदी ह्या जाग्यात जो कोण जीव रावता, तेका आमचो उपद्रव होव नये, अशी बुद्धी दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. मी जरा मोठ्यानेच म्हणालो. खरं सांगायचं तर माझं लक्ष तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्याकडे होतं. तो काही केल्या काटकोनात बसत नव्हता.

भावोजी बोटीवर परत गेले. जानेवारीतल्या एका रविवारी मी ताईकडेच होतो. सकाळी पोदेर पाव टाकून गेला आणि मी चहात पाव बुडवतो न बुडवतो तोच ताईने घरामागून हाक मारली. अंगण झाडायला गेलेली ती खराटा हातात धरून तशीच उभी होती. पाण्यापासून माडांपर्यंत वाळूत एक रुंद माग उमटला होता, ट्रॅक्टरचं चाक फिरवल्यासारखा. तो माझ्या चुन्याच्या रेषेवरून थेट तिसऱ्या खोलीत शिरला होता, तिथे वाळू उकरून पुन्हा थापटलेली होती, आणि तसाच दुसरा माग परत समुद्राकडे गेला होता. कासवीण अंडी घालून गेली होती.

मला नियम ठाऊक होते. इथे घरटं सापडल्याची नोंद झाली की ही पट्टी कासवांची, आणि समुद्राच्या बाजूला वीटही लागणार नाही.

“कोणी बघितलं नाही अजून,” मी म्हणालो. “खराटा मार आणि खुणा पुसून टाक. अंडी तिथेच राहू देत, पण बोंब नको.”

ताईने खराटा मारला नाही. मग मी चिडलो. मी चिडलो की मला थांबता येत नाही. म्हणालो, आपण पाळीची, खाणीच्या गावची माणसं. आपल्या डोळ्यांदेखत खाणीने डोंगरच्या डोंगर नेले, तेव्हा कोणी कुठल्या जीवाची चौकशी केली? सगळे कायदे तुझ्या तीन खोल्यांनाच? भावोजी काय म्हातारपणी घरी यायचे?

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

“तूय व्हय म्हटलंस मरे त्या दिसा,” ती म्हणाली. “सगळ्यांत मोठ्यान म्हटलंस.”

“ते बोलायची रीत असते गो.”

“माझी न्हय. मी आयकान म्हटलंय.”

खराटा भिंतीला टेकवून ती किनाऱ्यावर गेली आणि कासवांच्या राखणीवर बसलेल्या वनखात्याच्या माणसाला घेऊन आली. त्याने काठ्या रोवल्या, जाळी लावली, वहीत जागा लिहून घेतली. जाताना तो दबकत म्हणाला, “बाये, तुमचां काम अडतलां हां.” ताई म्हणाली, “माका खबर आसा. च्या घेवन जा.”

दुपारी तिने भावोजींना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं “बरां” आलं. ती जेवली नाही. मी ते जेवण कसंबसं गिळलं आणि मला माझीच लाज वाटली.

मार्चच्या सुरुवातीला कागद परत आला. समुद्राच्या बाजूला बांधकाम नाही. भावोजींनी बोटीवरच्या पुढच्या कराराला होकार कळवला. ताईने हे मला भाजी निवडताना सांगितलं, आणि रोज सकाळी कुत्रे हाकलायला ती जाळीपाशी बसतच राहिली. माझ्यात हे बळ नाही. नकाशात मी भिंती सरळ काढतो, पण एवढं सरळ वागणं मी तिच्याखेरीज कोणात पाहिलेलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात, उजाडता उजाडता, वाळू हलली. तळहातावर मावतील एवढी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून बाहेर पडली आणि ठेचकाळत पाण्याकडे निघाली. ताईने भावोजींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वाळूजवळ धरला. पडद्यावर त्यांच्यामागेही समुद्रच होता.

“गेली सगळी?” त्यांनी विचारलं.

“गेली. हो वनखात्याचो दादा म्हणता, ह्यांतली वाचतली ती पंधरा-वीस वर्सांनी परत हयच येतली, अंडी घालूक.” तो माणूस बाजूला उभा राहून मान हलवत होता.



“मगे मी तेंच्या आदी येतलंय गो,” भावोजी म्हणाले.

ताई हसली आणि हसता हसता रडायला लागली. फोन मी हातात घेतला आणि भावोजींना रिकामी झालेली तिसरी खोली दाखवली.