अण्णा कुठल्या गाडीत बसले?

हे प्रकरण आठवलं की मला आजही आधी हायसं वाटतं, बाकीचं सगळं नंतर आठवतं. पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडे अशा आठवणी फार नसतात. यातली माणसं अजून त्याच भागात, एकमेकांशी नातं राखून नांदत आहेत. म्हणून कुणाचं नाव घेत नाही.

जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. आमचा भाग कापूस-सोयाबीनचा, त्यामुळे खत-बियाण्याच्या दुकानदाराला गावात मोठा मान. ज्याच्या दुकानातून माल जास्त खपतो, त्याला कंपनी सहलीला नेते. पूर्वी गोवा, केरळ असायचं. आता विमानानं थेट परदेश. त्या हंगामानंतर आमच्या हद्दीतले काही दुकानदार बाली बेटावर गेले होते.

त्यांच्यात साठी ओलांडलेले एक दुकानदार होते. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे. पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी. परदेशातही त्यांनी हा वेष सोडला नव्हता. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहाचे रुग्ण. रोज इन्शुलिन घ्यावं लागे. सोबत त्यांचा जावई होता. अलीकडे दुकान तोच पाहायचा. अण्णांचा मुलगा परभणीला नोकरीला होता आणि त्याचं नि या जावयाचं फारसं पटत नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं.

एके सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. एक जुना हवालदार आत आला आणि दार लोटून घेतलं. त्याची बायको पिठाच्या गिरणीत गेली होती. तिथं सहलीला गेलेल्या दुसऱ्या एका दुकानदाराची बायको भेटली. नवऱ्यानं तिला फोनवर सांगितलं होतं की अण्णा काल दुपारपासून हॉटेलात नाहीत आणि घरी कुणी काही कळवायचं नाही असं ठरलंय. तिला ते पोटात ठेवता येईना.

खबर अशी आली की तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये आणि तिला उडवूनही लावू नये. मी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन अण्णांच्या घरी गेलो. अण्णांची बायको, ज्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, आणि लेक दोघीच होत्या. वडील येईपर्यंत आईजवळ राहावं म्हणून लेक माहेरी आली होती. मी पाणी मागितलं, इकडचं तिकडचं विचारलं, मग काल अण्णांशी बोलणं झालं का ते विचारलं.

"न्हाई झालं," वहिनी म्हणाल्या. "जावई म्हनले, दमून झोपलेत." आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पर साहेब, माज्याशी बोलल्याबिगर ते झोपत न्हाईत कवा."

मग मी जे कळलं होतं ते सांगितलं. त्यांनी रडारड केली नाही. इन्शुलिन अण्णांच्या जवळ आहे का, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. लेकीनं नवऱ्याला फोन लावला, तो त्यानं घेतला नाही.

तासाभरात ही बातमी परभणीला मुलापर्यंत पोचली आणि तो गाडी भरून माणसं घेऊन ठाण्यात आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. दाजींना दुकान स्वतःच्या नावावर करून घ्यायचं होतं, अण्णा तयार नव्हते, म्हणून तिकडे नेऊन त्यांचं बरंवाईट केलं. गुन्हा दाखल करा, नाही तर आम्ही इथून उठत नाही. बाहेर गर्दी वाढत होती. जावयाच्या गावची माणसंही यायला लागली होती. दोन्ही बाजूंचे लोक ठाण्याच्या आवारात आले की पुढं काय होतं, ते मी खूपदा पाहिलं आहे. मी फाटकावर जास्तीचे कर्मचारी उभे केले आणि दोन्हीकडच्या लोकांना वेगवेगळ्या बाजूला बसवलं.

गुन्हा नोंदवण्याइतकं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी हरवल्याची नोंद घेतली, ज्याला आम्ही मिसिंग म्हणतो. अधीक्षक कार्यालयाला कळवलं. तिथून भारतीय दूतावासाला निरोप गेला. मग आमच्या फोनवरून जावयाला गाठलं. पोलीस ठाण्याचा फोन म्हटल्यावर त्यानं उचलला. मुलगा आणि एव्हाना ठाण्यात आलेल्या वहिनी नि लेक समोर बसले होते आणि फोनचा स्पीकर चालू होता.

त्यानं सांगितलं ते असं. बाकीचे लोक समुद्रावर जायला निघाले. अण्णांना पाण्याचे खेळ नको होते, त्यांना गावाकडचा भाग पाहायचा होता. म्हणून त्यानं मोबाईलच्या ॲपवर गाडी बोलावली. गाडी हॉटेलच्या दारात आली. त्यानं स्वतः अण्णांना बसवलं. नंतर अण्णांचा फोन बंद झाला. इन्शुलिन खोलीतच राहिलं होतं. तिथले पोलीस आणि सहलीचा गाईड काल संध्याकाळपासून त्या ॲपच्या गाडीचा शोध घेत होते. पण कंपनीवाले म्हणत होते की अशा प्रवाशाला आमच्या कुठल्याच गाडीनं नेलेलं नाही.

"ऐकलंत ना साहेब?" मुलगा उठून उभा राहिला. मी त्याला बसायला लावलं.

खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. मी गाडीचा रंग विचारला, तो पांढरा म्हणाला. दुसरं काही विचारून पुन्हा गाडीवर आलो, तेव्हा ती काळी झाली. अण्णा पुढं बसले की मागं, याचंही उत्तर दोनदा वेगळं आलं. पाहिलेली गोष्ट सांगताना माणूस जरा आठवत आठवत सांगतो. जावई मात्र प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता. गाडीत बसवल्याचं तो खोटं सांगत होता, एवढं नक्की झालं. आता ते खोटं कशासाठी, हे पाहायचं होतं.

मी फोन ठेवला आणि व्हरांड्यात आलो. अण्णांची लेक मागोमाग आली. भाऊ आत, नवरा तिकडे, आणि बाप कुठं ते माहीत नाही, अशी तिची अवस्था. 

"साहेब, ते भ्याले की खोटं बोलतेत," ती हळूच म्हणाली. "लग्नापासून बघायले मी. मानूस वाईट न्हाई. त्यांला एकट्याला इचारा. दादासमोर खरं न्हाई सांगायचे."

साक्षीदार खूप पाहिले, पण नवऱ्याची बाजू घेताना त्याचं वैगुण्य आधी सांगणारी बाई मी क्वचित पाहिली. मला तिचं म्हणणं पटलं. मी सगळ्यांना बाहेर थांबवलं, दार लावलं आणि जावयाला पुन्हा फोन केला, या वेळी व्हिडिओवर. चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली. मी त्याला सांगितलं की खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही, मी काही लिहूनही घेत नाही. तुम्ही कुठं होतात ते मला नको. अण्णांना बसताना तुम्ही पाहिलं की नाही, तेवढंच सांगा.

 तो म्हणाला, "न्हाई पाहिलं साहेब."

आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर सगळं आलं. तो सकाळीच बाकीच्यांसोबत समुद्रावर गेला होता. तिथूनच त्यानं गाडी बोलावली आणि अण्णांना फोनवर सांगितलं की दाराशी उभे राहा, नंबर पाहून बसा. लगेच त्याची बोटीत बसायची पाळी आली. फोन लॉकरमध्ये ठेवला. बाहेर येऊन पाहतो तर गाडीवाल्यानं फेरी रद्द केलेली. अण्णा वैतागून खोलीत गेले असतील असं त्याला वाटलं. संध्याकाळी खोली रिकामी दिसल्यावर तो हादरला. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला सोडून आपण बोटीत बसलो होतो, हे बायकोला कसं सांगायचं, मेहुण्याला कसं सांगायचं, या भीतीनं त्यानं गाडीत बसवल्याचं ठोकून दिलं. ते एकदा गाईडला सांगितलं, मग तेच तिथल्या पोलिसांना, तेच आम्हाला.

मी विचारलं, गाडीवाल्यानं फेरी रद्द का केली? त्यानं गाईडला जवळ बोलावलं. गाईड थोडं हिंदी बोलायचा. त्यानं सांगितलं की त्या हॉटेलच्या रस्त्यावर गावातल्या टॅक्सीवाल्यांचा स्टँड आहे आणि ॲपच्या गाड्यांना ते आत येऊ देत नाहीत. तशी पाटीच लावलेली आहे. ॲपची गाडी हवी असेल तर प्रवाशानं चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं. नव्या ड्रायव्हरला हे रस्त्याच्या तोंडाशी आल्यावर कळतं आणि तो परत फिरतो.

मला आमच्या जिंतूरच्या काळ्या-पिवळ्या जीप आठवल्या. तिथं नंबरानं गाडी लागते. कोणाच्या गाडीत कोण बसलं, हे स्टँडवरच्या सगळ्यांना माहीत असतं, कारण नंबर कुणाचा गेला यावरून रोज भांडणं होतात. कितीतरी तपासांत मला तिथंच धागा सापडला होता. माणसं सगळीकडे सारखीच असणार.

मी विचारलं, त्या स्टँडवर कुणी चौकशी केली का? गाईड म्हणाला, नाही. तुम्हीच ॲपची गाडी म्हणालात. शिवाय त्यांचं आमचं बोलणं नसतं. तो पर्यटकांना ॲपच्या गाड्या करून द्यायचा, म्हणून त्यांच्यात अबोला होता.

"आत्ता जा," मी जावयाला म्हटलं. "दोघं जा. टोपीवाला म्हातारा कुणाच्या गाडीत बसला, एवढंच विचारा. फोन बंद करू नका."

ते चालायला लागले. मला रस्ता दिसत होता, मोटारसायकली दिसत होत्या, चौथऱ्यावर एक गणपती दिसला. मग झाडाखाली बाकावर बसलेली माणसं दिसली. गाईडनं काही विचारलं. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस उठला आणि दोन्ही हात डोक्याला लावून टोपी घातल्यासारखं केलं. मग तो भराभर बोलायला लागला. मला एक अक्षर कळलं नाही, पण तो हसत होता. ते पाहून मी खुर्चीत मागं टेकलो.

झालं होतं ते असं. अण्णा उन्हात बराच वेळ थांबले, मग चालत स्टँडवर आले. एका ड्रायव्हरला त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. बसच्या खिडकीतून काढलेला तिथल्या गाईचा फोटो. तांबूस अंगाची, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या पायांची गाय. तो ड्रायव्हर शेतकऱ्याच्या घरातलाच निघाला. तो अण्णांना थेट आपल्या गावी भावाच्या गोठ्यावर घेऊन गेला. अण्णांनी सकाळी इन्शुलिन घेतलं होतं आणि मांसाहाराच्या भीतीनं नीट खाल्लं नव्हतं. बांधावर साखर उतरून त्यांना चक्कर आली, मोबाईल भातखाचरात पडला. ड्रायव्हरनं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, आणि सोबत कुणी नाही म्हणून रात्रभर तिथंच थांबला. त्यानं स्टँडवर कळवलं होतं. अण्णांना हॉटेलचं नाव सांगता आलं नाही, म्हणून स्टँडवाल्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांत विचारलंही होतं. आतल्या हॉटेलातला हरवलेला माणूस तर ॲपच्या गाडीतून गेला, असंच सगळीकडे सांगितलं गेलं होतं, म्हणून तिथं कुणी विचारलं नाही. अण्णांनी बोटांनी दाखवून घरचा नंबर दिला होता, पण देशाचा क्रमांक आधी न लावल्यानं तो लागलाच नाही.

थोड्या वेळानं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला. मी तिघांना आत बोलावलं. अण्णा खाटेवर बसले होते, हाताला सुई लावलेली. वहिनींनी पदर तोंडावर घेतला. मग त्या म्हणाल्या, "जेवलाव का?"

"व्हय, भात खाल्ला," अण्णा म्हणाले. "लोक लय चांगले हायत. तुमी कामून ठान्यात बसलाव?"

 मुलगा बाहेर गेला आणि पायरीवर बसून राहिला. त्याच्याबरोबर आलेली माणसं एकेक करून पांगली. नंतर तो आत आला आणि मला म्हणाला, दाजींना फोन लावून द्या.  अण्णांजवळ थांबा आणि तुम्हीही काहीतरी खाऊन घ्या, एवढंच म्हणाला.

मंडळी परतल्यावर अण्णा ठाण्यात आले. हरवलेला माणूस सापडला की त्याचा जबाब घेऊन नोंद बंद करावी लागते. मुलगा आणि जावई दोघंही सोबत होते. जावयानं मला काय सांगितलं, ते मी कुणाला बोललो नव्हतो. जावई खाली मान घालून उभा होता. मी विचारलं, कुणाविरुद्ध काही तक्रार आहे का?

अण्णांनी जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिहा साहेब. जावयानं गाडी करून दिली हुती. मीच दुसरीत बसलो. तक्रार न्हाई."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी जबाब जसाच्या तसा लिहून घेतला आणि अण्णांनी सही केली.

आता ओळखीतलं कुणी परदेशात निघालं की मला विचारतं, ॲपची गाडी बरी की टॅक्सी. मी सांगतो, कुठलीही करा, पण म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवेपर्यंत सोबत थांबा आणि हॉटेलचा पत्ता त्याच्या खिशात ठेवा. हा झाला व्यवहार. मला स्वतःला जे कळलं ते वेगळं आहे. गुन्हेगार खोटं बोलतो हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकलो. लाजलेला, भ्यालेला माणूसही तसंच खोटं बोलतो, आणि दोघांचं खोटं ऐकायला अगदी सारखं असतं, हे त्या सकाळी कळलं. फरक ओळखायचा तर त्याला खरं बोलायला जागा द्यावी लागते.

अण्णा कधी ना कधी त्या दवाखान्यातून परत आलेच असते. पण गर्दीच्या दबावाखाली मी जावयावर गुन्हा नोंदवून बसलो असतो, तर ते परत येईपर्यंत त्यांच्या लेकीला माहेर राहिलं नसतं.