डच पाहुण्याची वही

आखातातल्या मुसफ्फाच्या आमच्या यार्डात पंप तपासायला तो डच म्हातारा दोनच दिवस आला होता. चहाच्या वेळी ज्याला-त्याला एकच विचारायचा, "तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय?" आणि उत्तर खिशातल्या वहीत टिपून घ्यायचा. पंपांसाठी आलाय की जनगणनेसाठी, मला कळेना.

"आणि तुमच्या गावाचा?" मी उलट विचारलं.

त्यानं बुटाच्या टाचेनं वाळूत रेघ ओढली. "हा बांध. इथं वीसेक घरं. नावाचा अर्थ जंगल." मग खाली बसून घरांमागची वाळू तळहातानं सपाट केली. "इथं आता तळं आहे. आधी झाडं तोडली. खालची काळी मातीही जळते, म्हणून तीही खणून चुलीत घातली. खड्ड्यात पाणी भरलं. नाव तेवढं राहिलं."

मी माझं आडनाव सांगितलं, वडगावकर. म्हणजे वडाच्या गावचा.

त्यानं पेन्सिल वहीवर टेकवली. "वड आहे अजून?"

त्या गावाला मी कधी गेलेलोच नाही. "इन्शाल्ला," मी म्हणालो. तो हसला, पण लिहिलं काहीच नाही.

घरी येऊन मोबाइलवर वडगाव शोधलं. डझनभर निघाली. त्यातलं आमचं कुठलं, हे सांगायला आता घरात कोणी उरलेलं नाही.