मावशीचं आमेन

माझ्या मावशीला देवाने दणदणीत आवाज दिला आणि तिने तो दोन कामांना लावला. आठवडाभर ती मासळीबाजारात लिलाव पुकारायची आणि रविवारी चर्चमध्ये आमेन म्हणायची. दोन्ही ठिकाणी तिच्याशिवाय पान हलत नसे.

बाजारात ती एका उलट्या पेटीवर उभी राही. पायात गमबूट, डोक्याला रुमाल, समोर बर्फातली मासळी आणि भोवती आरडाओरडा करणारे व्यापारी. 'एक वार!' म्हणताना ती सगळ्यांकडे बघायची, 'दोन वार!' म्हणताना फक्त कचरणाऱ्याकडे, आणि 'तीन वार!' म्हटलं की सौदा पक्का. मग कुणी कितीही गयावया केली तरी ती ढिम्म हलायची नाही.

चर्चमधली मंडळी त्या मानाने लाजाळू. प्रार्थना संपली की पहिलं आमेन कुणी म्हणायचं यावरून सगळे एकमेकांकडे चोरून बघत बसायचे. मावशीने पहिल्या बाकावरून आमेन ठोकलं की मगच बाकीच्यांना कंठ फुटे. एकदा ती तापाने घरी राहिली, तर त्या रविवारची प्रार्थना म्हणे तशीच लोंबकळत राहिली. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच आमेन म्हणून ती खाली उतरवली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. देवाशी माझं भांडण नाही, ओळखच नाही. पण आई गेल्यावर मावशीने मला वाढवलं, त्यामुळे रविवारी तिला घेऊन जायचं आणि तिच्या शेजारी बसून डुलक्या काढायच्या, एवढी तडजोड मी केली होती.

मावशीला राजकारणाचं वावडं नव्हतं. बाजारातली गटारं तुंबली तेव्हा तिने मोर्चा काढला होता. त्याच आठवड्यात, रविवारी उपासना संपल्यावर ती त्यासाठी सह्या गोळा करायला चर्चच्या दारात उभी राहिली. पाळकसाहेब लगबगीने आले.

"बाई, हे काय चालवलंय? राजकारण छत्रीसारखं बाहेर ठेवून आत यायचं असतं."

"मी बाहेरच उभी आहे की."

"दारसुद्धा प्रभूचंच आहे."

"मग गटारं कुणाची?"

याचं उत्तर पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी दिलं, प्रवचनातून. विश्वासणाऱ्यांनी जगाच्या कारभारात नाक खुपसू नये, असा एकंदर सूर होता. प्रवचनभर मावशी छताकडे बघत होती. नंतरच्या प्रार्थनेला मात्र तिने खणखणीत आमेन म्हटलं. मी तिला घरी जाताना छेडलं, तर म्हणाली, "अरे, आमेन म्हणजे तसं होवो. ते देवाकडे काही मागितलं तर म्हणायचं. माणसाने शब्द दिला तर त्याला आमेन नाही म्हणायचं. त्याची सही घ्यायची."

पुढे चर्चचं छप्पर गळू लागलं आणि त्याच सुमारास निवडणूक लागली. बाजार समितीचे सभापती उमेदवार म्हणून उभे राहिले. त्यांना छपराची गळती फार लागून राहिली असावी, कारण एके दिवशी नव्या पत्र्यांनी भरलेला टेम्पो चर्चच्या आवारात येऊन उभा राहिला. पत्रे चढले, आणि त्यांच्याबरोबर पाळकसाहेबांचे विचारही बरेच वर चढले. विश्वासणाऱ्यांनी समाजापासून तुटून राहणं बरं नव्हे, असं ते आता म्हणू लागले.

मग ते आमच्या घरी आले. चहा घेतला, मावशीच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "रविवारी सभापती दोन शब्द बोलणार आहेत. त्यांचं झालं की तुम्ही फक्त नेहमीसारखं..."

"आमेन?"

"तुम्ही म्हटल्याशिवाय कुणी म्हणत नाही हो. तुम्हाला माहितीच आहे."

"राजकारण बाहेर ठेवायचं होतं ना?"

"यात कसलं आलंय राजकारण! ही सेवा आहे." दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले. "लिलावाचे परवाने यंदा नव्याने द्यायचेत म्हणे. सभापती तुमची आठवण काढत होते. चांगल्या मनानेच."

ते गेल्यावर मावशीने धुतलेले कप पुन्हा धुतले. "काय करणार आहेस?" मी विचारलं. "बघू," ती म्हणाली. तिच्या तोंडून असला गुळमुळीत शब्द मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या पेटीवरून खाली उतरवलं तर मी कोण रे?" मी कप पुसत बसलो.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. मागच्या बाकांवर निम्मा बाजार येऊन बसला होता, ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नव्हती तेसुद्धा. कडक इस्त्रीतले सभापती पाळकसाहेबांच्या जागी उभे राहिले. त्यांनी गटारं देऊ केली, दिवे देऊ केले, आवाराला भिंत देऊ केली. माणूस हुशार होता, पाळकसाहेबांची ढब त्याने बरोबर उचलली होती. शेवटी डोळे मिटून, आवाज उतरवून तो म्हणाला, "या पवित्र जागी मी तुम्हाला शब्द देतो. तुमची साथ मला लाभो."

सगळ्या माना मावशीकडे वळल्या. पाळकसाहेबांनी हळूच मान डोलावली.

मावशी उठली. तिने पुढच्या कठड्याला हात टेकला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"एक वार!"

नव्या पत्र्यांवरून तो आवाज फिरून परत आला. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या बाकावरच्या एका व्यापाऱ्याचा हात सवयीने वर गेला, आणि दुसरा ओरडला, "माल कुठला ते तरी सांगा!" बाजार खदाखदा हसला. सभापतींचे कान लाल झाले. पाळकसाहेबांनी ऑर्गन वाजवणाऱ्याला घाईघाईने खूण केली, आणि त्या घाबरलेल्या माणसाने हाताला आलं ते वाजवायला घेतलं. ते नेमकं अंत्यविधीचं गीत होतं.

मावशी एका दिवसात प्रसिद्ध झाली. विरोधी पक्षाचे लोक फुलांचा गुच्छ घेऊन आले, पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा म्हणाले. चर्च आणि राजकारण यांची फारकत कशी करावी हे या बाईंकडून शिकावं, असं कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं. मीही वर्गात तिची गोष्ट सांगून कॉलर ताठ करून घेतली.

सभापती अर्थातच निवडून आले. परवाना त्यांच्या मेव्हण्याला मिळाला. त्याचा आवाज इतका किरटा की बाजारात लाउडस्पीकर बसवावा लागला.

परवाना गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी म्हटलं, "पेटी गेली तर गेली. पण कमाल केलीस तू."

तिने सुरी खाली ठेवली. "कसली कमाल? मी आमेन म्हणायलाच उठले होते."

"काय?"

"ठरवून गेले होते. देवाची माफी पण आधीच मागून ठेवली होती. म्हटलं, एक शब्द तर आहे. तोंड उघडलं आणि हे निघालं." ती हसेल असं मला वाटलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पेटीचं मी सोसेन रे. पण आता प्रार्थनेला तोंड उघडायचं म्हटलं की धडकी भरते. काय बाहेर पडेल, काय नेम? देवापुढे लिलाव पुकारला तर?"

मला फार वाईट वाटलं. देव असो नसो, तिचा तो एक शब्द तिच्यापाशी राहायला हवा होता. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती ओठ घट्ट मिटून बसू लागली, आणि प्रार्थना लोंबकळू लागल्या.

नव्या छपरासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली, तेव्हाही ती तशीच बसली होती. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली. उन्हाचे आभार मानून झाले, पावसाचे झाले, सावलीचे झाले. "आणि हे प्रभू," ते म्हणाले, "ज्यांच्या हातून आम्हाला हे छप्पर मिळालं, त्या आमच्या नेत्यांना तू सदैव विजयी कर..." आणि थांबले.

मावशीचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला. सगळ्या माना पुन्हा तिच्याकडे वळत होत्या, ती खाली बघत होती. मला ते पाहवेना. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज मी मोकळा सोडला.

"आमेन!"

इतके रविवार तुंबलेली मंडळी माझ्यामागून अशी गरजली की पत्रे थरथरले. पाळकसाहेब चमकले. ते फक्त दम घ्यायला थांबले होते, प्रार्थना बरीच उरली होती. पण एवढं भरघोस आमेन वाया कशाला घालवायचं, असा विचार करून त्यांनी समाधानाने पुस्तक मिटलं.

मावशीने हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मेल्या," ती पुटपुटली, "ह्याच एका शब्दापायी माझी पेटी गेली, आणि तू तो फुकट देऊन बसलास?"