आबांचा समाधानाचा फॉर्म

"अगं, उत्तरं भरलीत सगळी. तू फकस्त सही कर. लय शिकलीयस म्हणून वाचत बसू नको."

साखर कारखान्याचे लेबर ऑफिसर असं म्हणाले, तेव्हा टाइम ऑफिसात सहा-सात जण होते. सगळे हसले. मी उभी होते. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बस, असं मला कधी कुणी म्हटलं नाही.

कामगारांच्या समाधानाचे ते फॉर्म. पगार, पाणी, सुरक्षा, सन्मान. सगळीकडे आधीच एकच खूण: 'पूर्ण समाधानी'. सह्या गोळा करायचं काम माझं, आणि पहिली सही माझ्याच फॉर्मवर हवी होती. गठ्ठा चाळताना हात थांबला.

आबांचा फॉर्म. माझ्या वडिलांचा.

आबा श्रावणात गेले. वारस म्हणून मी कामाला लागले. अजून कायम नाही.

'कामावर तुमचा सन्मान होतो का?' पूर्ण समाधानी.

दरवर्षी गाळप सुरू होताना उसाची पहिली मोळी आबाच खांद्यावरून गव्हाणीपर्यंत, ऊस यंत्रात ओढणाऱ्या पट्ट्यापर्यंत, आणायचे. तिथं ती समारंभाला आलेल्या पाहुण्यांच्या हातात द्यायची. गव्हाणीत टाकायची ती पाहुण्यांनी. मग कुणीतरी म्हणायचं, "आबा, मागं सरा, फोटूत येताय." आबा सरायचे. आम्ही बौद्ध वस्तीतले. का सरायचं, ते त्यांना सांगावं लागत नसे.

घरी आल्यावर आई त्यांच्या खांद्यात रुतलेली उसाची कुसं वेचायची. ते बोलायचे नाहीत. ते न बोलणं अजून घरात आहे. दिवेलागणीला आबांनी पायरीवर चपला काढल्यासारखा आवाज येतो. मी बघायला जात नाही.

"साहेब, आबांचा फॉर्म हाय ह्यात."

"जुनी यादी चालवली आसंल. ऱ्हाऊ दे की. तुझ्या बापानं जिवंतपणी तक्रार केली न्हाय, आता कुठनं करतोय?"

पुन्हा हसू.

"कायम व्हायचंय न्हवं? कर सही. आन् यंदा मोळी आणायला तुझ्या भावाला सांग."

मी खुर्ची ओढली. बसले. हसू थांबलं.

आबांच्या फॉर्मवर आडवी रेघ मारली. लिहिलं: 'मयत. ही उत्तरं त्यांची नाहीत.' खाली सही केली. मग माझ्या फॉर्मवरच्या खुणा खोडल्या. सन्मानापुढे लिहिलं, नाही.

मी कदाचित कायम होणार नाही. भावाशी बोलले आहे. तो मोळी आणेल, तर गव्हाणीत तोच टाकेल. नाहीतर पाहुण्यांनी ती आपल्या खांद्यावर आणावी. कुसं आपापल्या घरी वेचावीत.