पळसाच्या पानांचा रामनाथ

सातपाटीच्या अलीकडे, माडांच्या वाडीतल्या आपल्या जन्मघरासमोर रामनाथ उभा राहिला, ते साल चौसष्ट होते. थोरली बहीण जयवंती अंगण सारवत होती. तिने मान वर करून त्याला पाहिले आणि शांतपणे आतून केळीच्या पानावर दहीभात आणला. पान त्याच्या हाती दिले नाही. कावळ्यांसाठी ठेवतात तसे दक्षिणेच्या दगडी गडग्यावर ठेवले आणि दार लावून घेतले. रामनाथ भुकेला होता. तो जेवला.

ऐन विशीत तो रंगूनच्या गोदीत सुतारकामाला गेला होता. महायुद्धात पत्रे थांबली ती कायमचीच. पुढे ब्रह्मदेशातल्या नव्या राजवटीत हिंदी माणसांना थारा उरला नाही, आणि तो बोटीने परतला, तेव्हा तिथला राहिला नव्हता, इथला ठरला नव्हता. पालघरच्या कचेरीने सांगितले, रक्ताच्या नात्यातल्या कोणी शपथेवर ओळख पटवावी, तरच नागरिकत्वाचा अर्ज पुढे जाईल. नात्यात आता एकटी जयवंतीच उरली होती.

आणि जयवंतीने त्याचे दहन करविले होते. बारा वर्षे ज्याची वार्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा देह रचावा, मस्तकस्थानी नारळ ठेवावा व अग्नी द्यावा, या शास्त्राज्ञेप्रमाणे सारे यथासांग झाले होते.

"ताई, मी जिवंत हाय," तो बंद दाराशी म्हणाला.

"असशील. पण नारळ तडकला तेवा तू मला हाक मारलीस. ती मी ऐकली. मग तू जिता हाईस अशी खोटी शपथ कशी घेऊ?"

रामनाथला आठवले. रंगूनला एकदा तापाच्या ग्लानीत त्याने खरोखरच "ताई" अशी हाक मारली होती.

गावच्या उपाध्यायांनी तोड सुचविली. "परतलेल्यासाठी पुनर्जन्माचा विधी आहे. पुन्हा बारसे करू."

"बारसं आता झालं, तर कचेरी इचारेल भटजीबुवा, पाळण्यातलं पोर रंगूनला गेलं कधी?" रामनाथ म्हणाला.

अखेर जयवंती कचेरीत आली. काय बोलणार, ते मात्र तिने सांगितले नाही.

"बाई, हा तुमचा भाऊ?" मामलेदारांनी विचारले.

तिने तळहात त्याच्या मस्तकावर ठेवला, दाबला, बराच वेळ तसाच ठेवला.

"डोकं ऊन हाय," ती म्हणाली. "माझाच भाऊ."

तो नागरिक झाला, वाडीत राहिला, होड्यांची डागडुजी करू लागला. भूत दुसऱ्यांदा हाक मारत नाही, या समजुतीने त्याच्या पहिल्या हाकेला गावात कोणी ओ देत नसे. दोनदा हाक मारण्याची त्याने सवय लावून घेतली. जयवंती तेवढी पहिल्याच हाकेला ओ देई. ओ दिल्यावर मात्र, दुसरी हाक येते का ते ऐकत, ती क्षणभर मागे वळून पाहत नसे.