छपरातले गुणवंत

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची खोली पत्र्याची. गळतं म्हणून पत्र्याखाली त्यांनी क्लासवाल्यांचा जुना फ्लेक्स ताणून बांधलाय, छापील बाजू खाली. परवा किल्ली मागायला गेले, तर वरून दहावीचे गुणवंत हसत होते, टक्क्यांसकट. मधोमध माझी मुलगी.

खाली वॉचमनची मुलगी सुनीता पुस्तक घेऊन बसली होती. यंदा तिचीही दहावी.

"काकू, तुमची ताई ना, मी कुठंही बसले तरी माझ्याकडंच बघते," ती हळूच म्हणाली. "पाऊस आला की फ्लेक्सात पाणी साचतं. मग तिचं हसू आणखी मोठं होतं."

फ्लेक्सवर टक्के छापतात. अभ्यासाला वेगळी खोली होती, हे कुणी छापत नाही.

घरी येऊन मुलीच्या खोलीचं छत बघितलं. पांढरं, कोरडं. तिच्याकडे वरून कुणीच बघत नव्हतं.